नळीतला कौल

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पेशंटच्या तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा जाता कामा नये. दोन, आतड्याला पडलेला पीळ आपणहून सुटला नाही तर पोट उघडावं लागेल, आणि ते पेडण्याच्या या लहानशा खासगी इस्पितळात जमणार नाही. मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल, तेव्हा घरच्यांनी वेळेत काय ते ठरवावं. पहिली गोष्ट घरच्यांनी डॉक्टरांवर सोपवली. दुसरी देवावर.

देवाला विचारायला जयराम गेला. तो घरातला थोरला, आणि रवळनाथाशी त्याचं बोलणं-चालणंही जुनं. बहिणीचं लग्न, विहिरीची जागा, मोपाच्या विमानतळासाठी जमीन गेली तेव्हा भांडायचं की गप्प बसायचं, हे सगळं त्याने कौल लावूनच ठरवलं होतं. पुजारी देवाच्या अंगावर पिटकुळीच्या लाल पाकळ्या पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघतात. उजवी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. जयरामने प्रश्न घरूनच घोटून नेला होता: गोकुळदासाला इथेच ठेवायचं तर उजवी दे, हलवायचं तर डावी दे.

गोकुळदास त्याचा धाकटा भाऊ. तो खाटेवर डोळे मिटून पडला होता. नाकात एक नळी, उजव्या हातात एक. डिचोलीच्या खाणींवर त्याने उमेदीची सगळी वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक अंगणात आणून लावला तो पुढच्या मोसमात चालू होणार म्हणून. पुढचा मोसम काही आला नाही. ट्रकवर आधी धूळ चढली, मग पोरं, मग दोडकीचा वेल. वेल काढू म्हटलं तर तो म्हणायचा, "रव गे, काढूचोच आसा. खाणी सुरू झाल्यो की."

असं म्हणायचा ते बायकोला, आणि बायको, विनोदिनी, तेवढ्यात डबा भरून बसला पळायची. घर तिच्यावर चालायचं. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत सलाइनचे सेट बनवणारा एक कारखाना होता, तिथे ती पॅकिंगला होती. सेट म्हणजे बाटलीपासून सुईपर्यंतची नळी, आणि तिच्या वरच्या अंगाला, जिथे थेंब पडताना दिसतो, ती बोटभर पारदर्शक कुपी. कारखान्यात तिला चेंबर म्हणतात. विनोदिनीचं काम चेंबर उजेडाकडे धरायचं, नखाने टिचकी मारायची, आत काही हललं नाही तर पाकिटात सरकवायचं. हे ती इतकी वर्षं करत होती की घरी तेलाची बाटली आणली तरी आधी टिचकी मारायची.

म्हणून सिस्टर शालिनीने ट्रे आणला तेव्हा विनोदिनीने पाकीट लांबूनच ओळखलं होतं.

"आमच्याकडचा सेट," ती म्हणाली. नवरा आजारी असताना अभिमान वाटणं बरं दिसत नाही, पण थोडा वाटला.

"मग काय," शालिनीने नळी बाटलीत खुपसत म्हटलं, "घरचीच नळी. काय त्रास होणार नाही बघा."

जयराम देवळात गेला होता तेव्हा करायला दुसरं काही नसल्यामुळे विनोदिनी चेंबरकडे बघत बसली. थेंब पडत होते. जनेल उघडं होतं आणि बाहेरून काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता. बाटली अर्धी झाली असेल, तेव्हा चेंबरमध्ये तिला काहीतरी दिसलं. नखाच्या निम्म्याएवढं, पातळ, केशरी. थेंब पडला की ते गिरकी घेऊन वर यायचं आणि पुन्हा खाली बसायचं.

ती उठून जवळ गेली. दुसऱ्या कोणाला ते काय आहे हे सांगता आलं नसतं. पाण्यात भिजून ते अगदी कागदासारखं झालं होतं. पण आबोलीची पाकळी ओळखायला विनोदिनीला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि तिचा कारखान्यापासून इथवरचा प्रवासही तिला लगेच कळला.

कारखान्यात फुलं माळायला बंदी होती. केस टोपीत, टोपीवर दुसरी टोपी, भिंतीवर चित्रासकट पाटी. पण मार्गशीर्षात जत्रेच्या दिवशी देवाचं फूल केसांत नसणं हे बायकांना पाटीपेक्षा जड वाटायचं. त्यावर लाइनवरची सुपरवायझर पद्मावती हिने तोडगा काढला होता. ती स्वतःच आबोलीच्या फांत्या, म्हणजे गजरे, घेऊन यायची, सगळ्यांना वाटायची, आणि सांगायची, "टोपीच्या आत. बाहेर दिसता नये." दिसायची नाही. टेबलावरच्या सगळ्या बायका त्या दिवशी नियमात दिसायच्या आणि आबोलीला वास नसतो, हेही सोयीचंच होतं. मधेच कोणीतरी टोपीखाली बोट घालून खाजवायची. कोणीही. विनोदिनीसुद्धा.

सिस्टरला हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मग तिच्या मनात आलं की हाक मारल्यावर पुढचं सांगावं लागेल. सांगितलं की माल परत येईल. माल परत आला की लाइन बंद होईल, आणि टेबलावरच्या सगळ्या जणी घरी. त्यातल्या निम्म्यांचे नवरे खाणीवरचे, म्हणजे अंगणातल्या ट्रककडे बघत बसलेले. आधी नळी बदलायला सांगावी आणि कारण सांगू नये, असं तिने ठरवलं. आता फक्त तेवढी थाप कशी मारायची हे जुळवायचं होतं. तेवढ्या वेळात जयराम आला.

चपला दाराशी काढून तो आत आला आणि बाकावर बसकण मारली.

"देव बोलूकच नाय," तो म्हणाला. "दोन्ही पाकळ्यो चिकटून रवल्यो. भटान परत गाऱ्हाणां घातल्यान, तरी तशीच. माझ्या मागे लोकांची ही रांग. एकाक जमीन दिल्लीवाल्याक विकूची होती, तो माझ्यावरच वैतागलो. भट म्हणता, उद्या ये."

"डॉक्टर म्हणतात वेळेत—"

"डॉक्टराक काय माहीत. बाबा त्या मोठ्या इस्पितळात चलत गेलो आनी आडवो इलो. देवाक विचारल्याशिवाय मी ह्याका हलवूचंय नाय."

आणि कपाळावरचा घाम पुसताना त्याची नजर वर गेली.

तोवर पाकळी गिरक्या घ्यायची थांबून चेंबरच्या आतल्या अंगाला चिकटली होती. गोल कुपीला उजवी-डावी बाजू नसते. पण ती पेशंटच्या उजव्या अंगाला लटकत होती आणि पाकळी तिच्याही उजव्या कडेला होती. जयराम सावकाश उभा राहिला. त्याने हात जोडले. मग ते पुरेसं न वाटून त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पुन्हा जोडले.

"इलो," तो म्हणाला. "माझ्या मागसून इलो. थंय लोकांसमोर बोलूक नाय, हंय येऊन बोललो. उजवी दिल्यान!"

"भावोजी, ती पिटकुळी नाय, रंग बघा—"

"देवाक पिटकुळीच व्हयी असा खंय लिवलेला आसा?"

आवाज ऐकून शालिनी आली, तिने चेंबर पाहिलं आणि ट्रे खाली ठेवला. "हे कोणी घातलं? मागे त्या कोरगावच्या म्हातारीला तिच्या सुनेनं तीर्थ पाजलं, तेव्हाच सांगितलं होतं सगळ्यांना. सलाइनमध्ये प्रसाद घालता? शिकलेली माणसं ना तुम्ही?"

"आम्ही हात लावूक नाय, बाय. बाटलेक बूच आसा. नळयेक बूच आसा. तूच सांग, माणसान घातला तर खंयसून घातला?"

शालिनीने बूच पाहिलं, नळी पाहिली. मग ती डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टरांचा चेहरा चेंबर बघताना पांढरा पडला हे विनोदिनीने पाहिलं. त्यांना बहुधा पेपरातली बातमी दिसत होती, फोटोसकट. पण जयराम जसजसा बोलत गेला तसतसा त्या चेहऱ्यावर रंग परत आला. वर्तमानपत्रात जाऊ शकणारी चूक आपल्या डोळ्यांदेखत देवाच्या नावावर चढते आहे, हे पाहणं कुठल्याही डॉक्टरच्या नशिबात रोज नसतं.

"मी श्रद्धेच्या आड येत नाही," ते म्हणाले. "पण सेट बदलू आपण."

"उजव्या हाताक हात लावूचो नाय."

"बरं. मग डाव्या हातात नवी सुई लावतो."

"डावी?" जयराम म्हणाला. "देवान उजवी दिल्यान आनी तुमी डावी लावतल्यात?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. विचार करताना ते पेशंटकडे नाही, दाराकडे बघत होते; दारात शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक जमले होते, आणि त्यांतल्या एकीने चपला काढून ठेवल्या होत्या.

"चेंबरच्या खाली जाळी असते," ते शेवटी म्हणाले. "पाकळी काही अंगात उतरणार नाही. ही बाटली संपेपर्यंत राहू दे. पुढचं बघू."

जाळी असते हे विनोदिनीला ठाऊक होतं. पाकळी अडते, पाकळी ज्यात भिजली ते पाणी अडत नाही, हेही ठाऊक होतं. डॉक्टरांनाही असणार. पण त्या खोलीत आता ते कोणी बोलेना. बाटली संपली, त्याच नळीला दुसरी लावली. पुढचं बघण्यासारखं राहिलं नाही, कारण बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. लोक खाटेच्या पायथ्याशी उभे राहून वर बघत, हात जोडत आणि जाताना आठवण झाली तर गोकुळदासकडेही बघत. एकाने केळी ठेवली. तोंडातून काही द्यायचं नव्हतं, म्हणून ती शालिनीच्या टेबलावर गेली.

दुपार कलली तेव्हा गोकुळदासला हुडहुडी भरली. खाट वाजायला लागली. दोन चादरी, मग तिसरी. पोट ढोलासारखं तटतटलं होतं.

"देवाचो संचार," कोणीतरी हळूच म्हणालं.

विनोदिनीने जयरामला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात बाक होता, तिथे त्याला बसवलं, आणि तोपर्यंत जुळवलेली थाप बाजूला ठेवून सगळं खरं सांगून टाकलं. जत्रा, टोपी, पद्मावतीच्या फांत्या, खाजवणं. "ती पाकळी देवाची नाय, भावोजी. आमच्या टेबलावरची आसा. कदाचित माझ्याच केसांतली. त्या पाण्यानंच ह्यांका थंडी भरली. ह्यांका हलवूया. पाया पडतंय तुमच्या."

जयरामने मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्याने मान डोलावली. विनोदिनीला वाटलं, पटलं.

"तुमच्या फॅक्टरीतसून अशे किती सेट जातत?"

"कोण मोजता. लाखांनी."

"खंय खंय?"

"सगळ्या देशात. बाहेरसुद्धा."

"आनी सगळ्यांत पाकळी आसता?"

"नाय ओ. हजारात एकात आसली तर आसली."

"बघ," जयराम म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "जत्रेच्या दिवशीचा फूल. तुझ्या हातातसून गेला. सगळो देश सोडून हंय इला, ह्याच खोलयेत, तुझ्याच घोवाच्या उजव्या हाताक. मी देवळातसून येतंय त्याच येळाक वर इला. आनी तू म्हणतंस देवाचा नाय?" त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तुका मी वळखूक नाय गे, विनोदिनी."

मग तो आत गेला आणि त्याने खोलीतल्या लोकांना चमत्काराचा हा नवा भाग सांगितला.

विनोदिनी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं. त्यांनीही पूर्ण ऐकलं. त्यांनाही पटलं, तेवढंच नव्हे, त्यांनी सकाळीच तसं ओळखलं होतं.

"बाई, तुम्ही सांगताय ते माझ्या कानांवर आलंच नाही असं मी समजतो. आलं, तर मला कळवावं लागेल. कळवलं, तर स्टोअरमधल्या सगळ्या पेट्या सील होतील, आणि वॉर्डातल्या सगळ्या खाटांना त्याच पेट्यांतले सेट लागलेत. ते काढून काय लावू? पपईचा देठ?"

"सगळ्यांचं राहू दे. ह्यांना तेवढं मोठ्या इस्पितळात पाठवा."

"मी कालपासून तेच सांगतोय. तुमचे दीर नाही म्हणतात."

"मी बायको त्यांची. मी होय म्हणते."

डॉक्टरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर जयरामच्या ओळखीची माणसं मोटारसायकली लावत होती. "घरात एकमत करून या," ते म्हणाले.

तिने पद्मावतीला फोन लावला. का लावला हे तिला नीट सांगता आलं नसतं. कोणाला तरी विचारायचं होतं, आणि कामावर अडलं की पद्मावतीला विचारायची सवय होती. तिने झालं ते सगळं सांगितलं. पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

"कोणाक बोललंस?" पद्मावतीने विचारलं.

"दोघांक."

"काय म्हणाले?"

"दोघांकय पटला."

"मग?"

"मग काय नाय."

"देव पावलो," पद्मावती म्हणाली, आणि लगेच आवाज बदलून, "तुझ्या घोवाक बरा पडांदे गे. मी नारळ ठेवतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयराम देवळात जाऊन आला. कौल उद्या घेऊ म्हणणाऱ्या पुजाऱ्याने आता साफ नकार दिला होता. इस्पितळातला प्रकार त्याच्यापर्यंत पोचला होता, आणि देवाने एकदा दिलेलं उत्तर पुन्हा विचारणं म्हणजे देवाला खोटं पाडणं, असं तो म्हणाला. जयराम हे सांगत होता तेव्हा गोकुळदासच्या अंगावर निळसर झाक आली होती. तो काहीतरी पुटपुटला. विनोदिनीने कान जवळ नेला.

"वेल काढ," तो म्हणत होता. "गाडी काढूची आसा."

जयराम लोकांना पोचवायला दारापर्यंत गेला. विनोदिनी उठली. तिने चेंबर दोन बोटांत धरलं, जनेलाच्या उजेडाकडे वळवलं आणि नखाने टिचकी मारली. काही हललं नाही. दुसरी मारली. पाकळी कडेपासून सुटली, गरगरली, तरंगली. विनोदिनीने नळी किंचित कलती केली आणि पाकळी डाव्या कडेला येऊन टेकेपर्यंत तशीच धरली. कामावर ती हे करायची ते दोष दिसावा म्हणून. मग हात पदराला पुसले.

"भावोजी," तिने हाक मारली. "हंय या. बघा काय झालां."

जयराम आला, त्याने पाहिलं.

"डावी," तो म्हणाला.

"डावी," विनोदिनी म्हणाली.

"काल उजवी, आज डावी. म्हंजे काल रव म्हणालो, आज जा म्हणता." तो एकदम धावायलाच लागला. "डॉक्टर! ओ डॉक्टर! गाडी मागवा! बसलात काय?"

गाडी आली. तिच्यात गोकुळदास, बाटली धरून शालिनी, विनोदिनी आणि मांडीवर केळी घेतलेला जयराम. रस्त्यात विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सींनी वाट दिली, एकदोघांनी दिली नाही. जयराम सबंध वाट चेंबरकडे बघत होता. गाडी प्रत्येक वळणावर हेलकावली की पाकळी कधी उजवीला जायची, कधी डावीला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं उमटायचं. विनोदिनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. म्हापसा मागे पडल्यावर तिने बघणं थांबवलं.

मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने पोटावर हात ठेवला, मग मनगटावर, मग कुठेच ठेवला नाही. "काल आणायला हवं होतं," तो म्हणाला.

"काल उजवी होती," जयराम म्हणाला.

डॉक्टरला ते कळलं नाही. त्याने विनोदिनीकडे पाहिलं. तिने एवढीच विनंती केली की हातातली नळी ती स्वतः काढेल. काढलेली नळी जयरामने मागून घेतली.

नळी आता घरात देव्हाऱ्यात आहे. जयरामने चेंबरचा भाग तेवढा कापून, दोन्ही तोंडं मेणाने बंद करून, चांदीच्या वाटीत ठेवला आहे. देवाने दोनदा कौल दिला, एकदा राहण्याचा, एकदा जाण्याचा, आणि त्या जाण्याचा अर्थ आपल्याला उशिरा कळला, असं तो येणाऱ्यांना सांगतो. सांगताना रडतो, आणि ते रडणं खरं असतं. विनोदिनी पाण्याचे पेले आणून ठेवते. पाकळी तपकिरी झाली आहे. रोज सकाळी त्या वाटीवर ताजं फूल ठेवायचं काम तिचं. दारातलीच आबोली असते.

इस्पितळाने कोणाला काही कळवलं नाही, कंपनीला काही कळलं नाही, लाइन चालू आहे. ट्रकवरचा वेल तिने अजून काढलेला नाही. दोडक्या बऱ्या येतात.

मार्गशीर्षात जत्रा आली. पद्मावती पिशवी घेऊन आली आणि टेबलाभोवती फिरत तिने सगळ्यांना फांत्या वाटल्या. "टोपीच्या आत. बाहेर दिसता नये." विनोदिनीपाशी आल्यावर तिचा हात सवयीने पुढे झाला आणि मधेच थांबला. तिने मान खाली घातली आणि ती पुढे गेली. नवरा गेलेल्या बाईला फूल देत नाहीत.

विनोदिनीने टोपी घातली, टोपीवर दुसरी टोपी घातली आणि पहिलं चेंबर उजेडाकडे धरलं. त्या टेबलावर कंपनीचा नियम पाळणारी आता ती एकटीच होती.